खाऊ की ठेवू?

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ओकच्या रानांत शरदात फळं गळायला लागली की करड्या खारीला दिवसभर दुसरं काम नसतं. खाली पडलेलं एक फळ ती उचलते, पुढच्या पंजांत धरून गरगर फिरवते, नाकाशी नेते, डोक्याला एखाद-दुसरा झटका देते आणि निवाडा करते. फळात सोंड्याची अळी असेल तर अळीसकट तिथेच फस्त. फळ तांबड्या ओकचं आणि निरोगी असेल तर ते तोंडात धरून ती दूर जाते आणि पुरते, कारण हे फळ हिवाळाभर जमिनीत निपचित पडून राहतं आणि वसंतात रुजतं. पांढऱ्या ओकचं तसं नाही. ते गळल्यावर थोड्याच दिवसांत मूळ टाकतं आणि फळातलं सत्त्व मुळात उतरतं. ते तसंच पुरलं तर महिन्या-दोन महिन्यांनी खारीच्या हाती टरफल लागायचं. म्हणून ती ते बहुतेकदा जागेवरच खाते. पुरायचंच झालं तर आधी टोकाकडचा भाग दातांनी कोरून आतला अंकुर काढून टाकते. अंकुर मेला की फळ टिकतं.

हा सगळा निवाडा काही सेकंदांत उरकतो आणि हंगामभर पुन्हा पुन्हा होत राहतो. खारींच्या अन्नाचा आणि साठवणीचा विषय मी या निवाड्यापासून सुरू केला, त्याला कारण आहे. आपल्या शालेय पुस्तकांत मुंगी आणि खार या दोघींना काटकसरीचा धडा द्यायला उभं केलेलं असतं. दूरदर्शी खारूताई पावसाळ्याची बेगमी करते, आळशी कुणीतरी उपाशी राहतं, वगैरे. त्या चित्रात खार सरसकट साठवते, सारखंच साठवते आणि साठवते म्हणून शहाणी ठरते. प्रत्यक्षात साठवण हा एका दाण्यापुरता घेतलेला निर्णय असतो. त्या निर्णयात झाडाचा डाव असतो, चोरांची भीती असते, हवामान असतं आणि स्वतःच्या पोटाची गरजही असते. काही खारी अजिबात साठवत नाहीत, आणि त्यांचं काही बिघडत नाही. या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी त्याचा तपशील.

आधी खार म्हणजे कोण ते पाहू. अंगणात तुरुतुरु पळणारी पट्टेरी खार आपल्या डोळ्यांसमोर येते, पण खारींच्या कुळात सुमारे तीनशे जाती आहेत. झाडावरच्या खारी, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणाऱ्या उडत्या खारी, बिळांत राहणाऱ्या जमिनीवरच्या खारी, चिपमंक, प्रेअरी डॉग, हिमालयातले धष्टपुष्ट मार्मोट हे सगळे एकाच घरातले. या कुळाचे सर्वांत जुने जीवाश्म उत्तर अमेरिकेत सापडले, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे. अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया सोडले तर हे कुळ सगळ्या खंडांवर मुळातच आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मात्र आज आपलीच पाच पट्ट्यांची खार बागडताना दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या प्राणिसंग्रहालयातून ती बाहेर पडली आणि तिथलीच झाली.

या साऱ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे पुढचे पटाशीचे दात. ते जन्मभर वाढत राहतात, आणि कठीण काही कुरतडलं नाही तर वाढून तोंडाला अडतात. या दातांमुळे कवचाच्या आतलं, इतरांना न मिळणारं, तेलाने भरलेलं अन्न खारींच्या आवाक्यात आलं. पण त्यांचा आहार बियांवर थांबत नाही. आपल्या अंगणातली खार पेरू, चिकू, सीताफळ पिकायच्या आधीच पोखरते हे बागवाल्याला सांगायला नको. सावर आणि पांगारा फुलला की ती मधासाठी फुलांत तोंड खुपसते, किडे खाते, संधी मिळाली तर पाखरांची अंडीही. अमेरिकेच्या नैऋत्येकडची ॲबर्ट खार पाँडेरोसा पाइनच्या सालीच्या आतला मऊ थर खाऊन हिवाळा काढते आणि साठवणीच्या फंदात फारशी पडत नाही. तिचं कोठार म्हणजे उभं झाड. काराकोरम-हिमालयातली लोकरी उडती खार तर पाइनच्या सुया खाऊन जगते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जुन्या रानांतली उडती खार जमिनीखाली वाढणारी ट्रफल जातीची अळंबी हुंगून उकरते. तिच्या लेंड्यांतून त्या अळंबीचे बीजाणू रानभर पसरतात आणि झाडांच्या मुळांना चिकटून त्यांना पाणी-पोषण पुरवतात. ख्रिस मेझर आणि जेम्स ट्रॅपी या शास्त्रज्ञांनी 1978 साली सहकाऱ्यांबरोबर हे साखळीचं गणित मांडलं, आणि तेव्हापासून जंगल खात्यांचे लोकही खारीच्या लेंड्यांकडे आदराने पाहू लागले. 2024 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ब्रायोनेस उद्यानात जमिनीवरच्या खारी व्होल नावाच्या लहान उंदरांचा पाठलाग करून त्यांना मारून खाताना चित्रफितीवर नोंदल्या गेल्या. त्या भागात त्या उंदरांची संख्या तेव्हा भरमसाट वाढली होती. ज्यांनी खारीला सात्त्विक ठरवून टाकलं होतं, त्यांना ती चित्रफीत जड गेली.

एका रानात अनेक जाती एकत्र राहतात तेव्हा अन्नाची वाटणी कशी होते, याचा नमुना अभ्यास लुईस एमन्स यांनी आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये केला. एकाच वर्षावनात नऊ जातींच्या खारी. कोणी शेंड्यावर, कोणी खोडाला, कोणी जमिनीवर. कोणाचा भर मोठ्या कठीण बियांवर, तर कोणाचा किड्यांवर. 1980 साली छापलेला तो निबंध आजही वाचावा असा आहे.

आता साठवणीकडे. साठवायच्या मुख्य तऱ्हा दोन. एक तऱ्हा आपल्या जुन्या गावांतल्या पेवासारखी: सगळा माल एका जागी, आणि त्या जागेची राखण. दुसरी विखुरलेल्या साठ्याची, म्हणजे एकेक दाणा वेगळ्या ठिकाणी पुरायचा आणि कुठल्याच जागेवर पहारा द्यायचा नाही. दुसऱ्या तऱ्हेला इंग्रजीत जे पारिभाषिक नाव आहे ते डेस्मंड मॉरिस यांनी 1962 साली रूढ केलं, तेही खारीवर नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतल्या अकुची नावाच्या कृंतकावर लिहिताना. तिसरी तऱ्हा अंगावरच साठवण्याची. मार्मोट आणि जमिनीवरच्या बऱ्याच खारी उन्हाळ्यात चरबी चढवतात आणि हिवाळाभर झोपतात.

पेवाचा उत्तम नमुना कॅनडातल्या युकॉन प्रदेशात पाहायला मिळतो. तिथली अमेरिकी तांबडी खार स्प्रूसचे शंकू हिरवे, मिटलेले असतानाच फांदीवरून तोडते, धबाधब खाली टाकते आणि मग गोळा करून एका ढिगाऱ्यात खुपसते. हा ढिगारा पिढ्यान् पिढ्या खाऊन टाकलेल्या शंकूंच्या पाकळ्यांचा बनलेला असतो. आतून तो ओला आणि थंड राहतो, त्यामुळे शंकू उघडत नाहीत आणि बिया सांडत नाहीत. शीतगृहच ते. एकेका ढिगाऱ्यात हजारो शंकू. अर्थात इतकी दौलत एके ठिकाणी असली की राखण आली. ही खार जन्मभर आपल्या हद्दीसाठी किचकिचाट करत भांडते, आणि ज्या पिल्लाला ढिगारा मिळत नाही त्याला पहिला हिवाळा सहसा निभत नाही. कधी कधी आईच आपला ढिगारा पिल्लाला सोडून दुसरीकडे निघून जाते. ही खार अळंब्या तोडून फांद्यांच्या बेचक्यांत वाळायला ठेवते. मेपलच्या सालीला चावा घेऊन ती निघून जाते आणि रसातलं पाणी उडून साखर मागे राहिल्यावर चाटायला परत येते. बर्न्ड हाइनरिख यांनी 1992 साली हा प्रकार नोंदवला. मेपलच्या रसाचा पाक करायला माणसाला भट्टी लावावी लागते.

जमिनीखालच्या साठ्यांची गोष्ट वेगळी. ध्रुवीय भागातली जमिनीवरची खार झोपेत असताना तिच्या शरीराचं तापमान शून्याच्याही खाली, उणे 2.9 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. त्या झोपेत खायचा प्रश्नच नसतो. तरी नर बिळात बिया साठवून ठेवतो. माद्यांच्या कितीतरी आधी तो जागा होतो, बाहेर बर्फ असतानाच ते धान्य खातो आणि विणीच्या हंगामासाठी अंगाने तयार होऊनच बिळाबाहेर पडतो. म्हणजे ही बेगमी उपासमार टाळण्यासाठी नाही, लग्नाच्या बाजारात पहिला नंबर लावण्यासाठी आहे. अशाच खारींच्या बिळांनी वनस्पतिशास्त्राला एक अजब भेट दिली. सैबेरियात कोलिमा नदीच्या काठी, कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे 38 मीटर खोल, हिमयुगातल्या खारींची बिळं साठ्यासकट सापडली. त्यातल्या एका रानफुलाच्या, सिलीन स्टेनोफिलाच्या, कोवळ्या फळांतल्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी जिवंत रोपं वाढवली, त्यांना फुलं आली आणि बीही धरलं. ती फळं सुमारे 32,000 वर्षांपूर्वीची होती. हे संशोधन 2012 साली प्रसिद्ध झालं.

या विषयाचा अभ्यास कसा घडत गेला ते थोडक्यात सांगतो, कारण नवख्या वाचकाला वेगवेगळ्या मतांचा उगम कळला की भांडणं समजतात. रोमन लेखक प्लिनीने खारीच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं होतं. वादळ यायच्या आधी ती वाऱ्याच्या बाजूचं भोक बुजवते, असं त्याने लिहून ठेवलं. पुढची अनेक शतकं या कौतुकाच्या पुढे फारसं कोणी गेलं नाही. हेन्री डेव्हिड थोरो याने मात्र वेगळा प्रश्न विचारला. पाइनचं रान तोडलं की तिथे ओक कसे उगवतात? 1860 साली अमेरिकेतल्या कॉन्कॉर्डच्या शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने उत्तर दिलं: खारी आणि पाखरं ओकची फळं पाइनच्या सावलीत नेऊन पुरतात, ती रोपं तिथे तग धरून असतात आणि वरची झाडं गेली की वर येतात. तेव्हा ओक आपोआप उपजतात असं मानणारे लोक होते. खारीच्या साठ्याचं रानाशी असलेलं नातं इतक्या नेमकेपणाने त्याआधी क्वचितच कोणी मांडलं असेल. थोरोकडे तत्त्वज्ञ म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचं हे काम वाचावं, असा माझा आग्रह राहील.

विसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन भाषिक वर्तनशास्त्रज्ञ पुढे आले. इरेनिउस आयबल-आयबेसफेल्ट यांनी युरोपातल्या तांबड्या खारीची पिल्लं एकटी, मातीविना, पातळ अन्नावर वाढवली. अशा खारीला पहिल्यांदा कवचाची फळं दिली तेव्हा तिने पोटभर खाल्लं आणि उरलेलं एक तोंडात धरून जागा शोधत हिंडली. कोपऱ्यात जाऊन तिने टणक जमीन पंजांनी खरवडली, फळ खाली ठेवलं, नाकाने ठोकून दाबलं आणि शेवटी नसलेली माती दोन्ही पंजांनी त्यावर ओढली. फळ उघडंच पडलेलं होतं, पण तिच्या लेखी काम झालं होतं. पुरण्याची क्रिया उपजत असते, शिकावी लागत नाही, हे यातून सिद्ध झालं. त्याचबरोबर खार म्हणजे चावी दिलेलं खेळणं असा एक समजही या प्रयोगामुळे पसरला, आणि तो पुसायला पुढची पिढी जावी लागली.

ती पुढची पिढी हिशेबी होती. क्रिस्टोफर स्मिथ यांनी 1960 च्या दशकाअखेर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात खार आणि सूचिपर्णी झाडं यांच्या झुंजीचा जमाखर्च मांडला. एका शंकूमागे किती वेळ, किती बळ, किती उष्मांक. डोंगराच्या एका बाजूला लॉजपोल पाइनचे दगडासारखे घट्ट शंकू, तर तिथल्या खारीचे जबडे दणकट. किनाऱ्याकडच्या बाजूला शंकू नरम, तर तिथल्या डग्लस खारीचे जबडे त्या मानाने हलके. झाड शंकू घट्ट करतं, खार जबडा कमावते, झाड पुन्हा दुसरी युक्ती काढतं. मला स्वतःला या सगळ्या साहित्यात स्मिथ यांचं लेखन सर्वांत जास्त आवडतं. त्यात आकडे आहेत आणि चिखलात उभं राहून केलेलं निरीक्षणही आहे.

हिशेबाची दुसरी बाजू चोरीची. माल्टे अँडरसन आणि जॉन क्रेब्ज यांनी 1978 साली एक साधा पण अडचणीत टाकणारा मुद्दा काढला. साठवलेलं धान्य सगळ्यांनाच सारखं मिळणार असेल तर जो काहीच न साठवता दुसऱ्याचं खातो तो फायद्यात राहील, आणि साठवण्याचा गुण पिढ्यांच्या ओघात पुसला जाईल. तो टिकायचा तर साठवणाऱ्याला स्वतःच्या मालात इतरांपेक्षा मोठा वाटा मिळायला हवा. राखण करून असो की आठवणीने. यावर स्टीफन वँडर वॉल आणि स्टीफन जेन्किन्स यांनी 2003 साली उलट बाजू मांडली. एकेकट्या राहणाऱ्या, हद्दी एकमेकींत मिसळलेल्या प्राण्यांत प्रत्येक जण साठवतो आणि प्रत्येक जण चोरतो. माझं तू नेलंस, तुझं मी नेलं, शेवटी फिटंफाट. चोरी इथे व्यवस्थेचाच भाग आहे. या दोन मतांत एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवायचा मोह मी आवरला आहे. युकॉनच्या ढिगाऱ्यावर पहारा देणाऱ्या खारीला पहिलं मत लागू पडतं, आणि नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या पाइनखाली बिया पुरणाऱ्या चिपमंकना दुसरं. वँडर वॉल यांनी त्या चिपमंकवरच आयुष्यातली बरीच वर्षं घातली. पुरलेली बी जमीन ओली असताना वासावरून सहज सापडते आणि कोरडी असताना फार कमी, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे कोरड्या दिवसांत मालकाची आठवण कामी येते आणि पाऊस पडला की गाव चोरांचं.

मग आठवण असते का? लोकसमजुतीत खार विसरभोळी. लुसिया जेकब्ज आणि एमिली लिमन यांनी 1991 साली याची परीक्षा घेतली. एका आवारात प्रत्येक करड्या खारीला दहा हेझलनट पुरू दिले. दोन, चार किंवा बारा दिवसांनी तिला परत सोडलं. इतर खारींच्या जागाही जवळजवळच होत्या. तरी प्रत्येकीने स्वतःच्या जागांवरून परक्या जागांपेक्षा स्पष्टपणे जास्त दाणे काढले. नुसता वास हे काम करू शकत नाही, कारण वासाला मालक कळत नाही. पुढे बर्कलीत जेकब्ज आणि मिकेल डेलगाडो यांनी फॉक्स खारींना बदाम, अक्रोड, पेकान आणि हेझलनट दिले, तेव्हा काही परिस्थितीत त्या जातवार वाटणी करून वेगवेगळ्या भागांत पुरतात असं दिसलं. हा निबंध 2017 चा. शरदात साठवणीच्या दिवसांत खारीच्या मेंदूचा स्मृतीचा भाग फुगतो, असं तुम्ही कुठे वाचलं असेल तर जरा थांबा. पिएर लाव्हेने, मायकेल स्टील आणि जेकब्ज यांनी करड्या खारींचे मेंदू तपासून 2000 साली जे छापलं, त्यात ऋतूनुसार असा बदल आढळला नव्हता.

मायकेल स्टील यांचं नाव इथे आलं, त्यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पेनसिल्व्हेनियात राहून त्यांनी मुख्यतः ओक आणि करडी खार या जोडीवर काम केलं. अंकुर कोरून काढण्याची गोष्ट त्यांच्या आधी, 1982 मध्ये, नोंदली गेली होती. स्टील यांनी ती उलगडत नेली. ओकच्या फळात तुरट टॅनिन असतं, आणि ते टोपीच्या बाजूपेक्षा अंकुराच्या बाजूला जास्त. खार बरेचदा टोपीकडचा गोड अर्धा भाग खाऊन बाकीचा टाकून देते, आणि त्या टाकलेल्या अर्ध्या फळातूनही रोप उगवू शकतं. झाडाने जणू वरचा भाग चारून खालचा वाचवला. आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे असं वाटलं की करडी खार खड्डा खणते, वाकते, माती ओढते, पण फळ तोंडातच ठेवते आणि दुसरीकडे जाऊन पुरते, हेही त्यांच्या चमूने 2008 साली दाखवलं. याला फसवणूक म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञ अजून शब्द तोलून बोलतात. खारीला लुबाडणाऱ्या दुसऱ्या खारीचा मात्र त्यात वेळ जातो, हे खरं.

झाडांकडूनही उत्तर येतं. ओक, बीच, स्प्रूस यांच्यासारखी झाडं बरीच वर्षं तुरळक फळतात आणि मग एखाद्या वर्षी सगळी मिळून बहर लावतात. मधल्या दुष्काळात खाणारे कमी होतात, बहराच्या वर्षी त्यांनी कितीही खाल्लं तरी पुरून उरतं. पुरलेल्या बिया रुजतात त्या मुख्यतः अशा उरलेल्या साठ्यातून, आणि ज्या खारी हिवाळ्यात ससाण्याच्या किंवा कोल्ह्याच्या तोंडी गेल्या त्यांच्या साठ्यातून. विसराळूपणाचा त्यात हात असलाच तर थोडा. स्टॅन बूटिन यांनी 1987 पासून युकॉनच्या क्लुएन भागात चालवलेल्या दीर्घ अभ्यासातून यावर वरताण करणारी एक गोष्ट निघाली. बहराच्या वर्षी शंकू पिकायच्या आधीच खारी जास्त पिल्लं घालतात, जणू पीक येणार हे त्यांना आधी कळलेलं असतं. 2006 साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा झाडांनी भक्षकांना गाफील पकडण्याच्या जुन्या कल्पनेला धक्का बसला.

इथपर्यंत वाचून मराठी वाचक विचारेल की ओक, स्प्रूस, बर्फ यांच्यात आपलं काय? या विषयातलं बहुतेक ज्ञान समशीतोष्ण देशांतून आलं आहे, ही वस्तुस्थिती आहे. जिथे चार-पाच महिने काही पिकत नाही तिथे साठवण ठळकपणे दिसते. आपल्याकडे वर्षभर काही ना काही फळतं, फुलतं, पालवतं. शिवाय पावसाळ्यात जमिनीत पुरलेली बी एक तर कुजते नाही तर रुजते. मग उष्ण प्रदेशातली खार साठवतच नाही का?

साठवते, आणि काही वेळा जमिनीत न पुरता. चीनच्या हाइनान बेटावरच्या वर्षावनात दोन जातींच्या उडत्या खारी ओकच्या भाऊबंदांची फळं दातांनी कोरून त्यांवर खाचा पाडतात आणि लहान झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यांत ती फळं घट्ट अडकवतात. सुतार कुसू आणि खाच जुळवतो तसा सांधा बसतो. फांदी हलली तरी फळ पडत नाही. 2023 साली हे छायाचित्रांसह छापून आलं. आणि त्याच्या बरंच आधी, 2007 साली, हेमा सोमनाथन, सुभाष माळी आणि रेनी बोर्जेस यांनी आपल्या भीमाशंकरच्या रानातून दाखवून दिलं होतं की शेकरू झाडावरच बियांचं पेव करते. हे संशोधन परदेशी नियतकालिकात छापलं गेलं आणि इथल्या फार थोड्या निसर्गप्रेमींपर्यंत पोचलं. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, तिची चित्रं बसस्टँडच्या भिंतींवर आहेत. तिच्या कोठाराबद्दल मात्र आपण बोलत नाही.

शेकरूवर म्हणूनच या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत. दख्खनची जनावरं नोंदवणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1831 साली इथल्या शेकरूचं वर्णन केलं आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव तिला दिलं. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली झालं. अंजनी, जांभूळ, पिसा, आंबा, हिरडा यांचं ते रान, आणि मधूनमधून देवराया. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. मागच्या पायांनी फांदी पकडून, शेपटी एका बाजूला तोलासाठी लोंबती ठेवून, पुढच्या पंजांत फळ धरून ती खाते, तेव्हा ती फांदीवर आडवी टांगल्यासारखी दिसते. कोवळी पानं, फुलं, साल, फळं, बिया असं सगळं ती खाते. बोर्जेस यांनी 1980 च्या दशकात इथे आणि कर्नाटकातल्या मागोडला तिच्या आहाराचा जो अभ्यास केला, त्याचा गाभा असा की अन्न रानभर एकसारखं पसरलेलं नसतं आणि शेकरूचं जगणं त्या असमानतेवर बेतलेलं असतं. ज्या हिरड्यावर महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं थोडंफार उत्पन्न अवलंबून असतं, त्याच हिरड्यावर शेकरूचाही डोळा असतो. या वाटणीबद्दल गावांत जे बोललं जातं ते मी ऐकलं तसं एका प्रकरणात दिलं आहे. त्यात तक्रार आहे, कौतुकही आहे.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. क्लुएनच्या खारींची पिल्लं जन्मण्याची तारीख वसंत ऊबदार होत गेला तशी दहा वर्षांत 18 दिवसांनी अलीकडे सरकली. हे 2003 साली जाहीर झालं. झाडांचा बहर आणि खाणाऱ्यांची वीण यांची जुनी सांगड निसटायला लागली तर पुढे काय होईल, हा नुसता खारींचा प्रश्न उरत नाही. ब्रिटनमध्ये 1876 साली हौसेखातर आणून सोडलेल्या अमेरिकी करड्या खारीने तिथल्या तांबड्या खारीला बहुतेक देशातून हुसकावलं. रोगाचा त्यात मोठा वाटा आहेच, पण ओकची फळं करडीला तांबडीपेक्षा चांगली पचतात, हेही एक कारण रॉबर्ट केनवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुढे केलं. आहारातला एवढासा फरक एका जातीला भोवला. आपल्या सह्याद्रीत संकट वेगळं आहे. शेकरूला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला वरचं छत्र अखंड लागतं. रस्ता रुंद झाला, मधली दहा झाडं गेली, की तिच्या रानाचे दोन तुकडे होतात. पलीकडच्या तुकड्यात आंबा लागला असला तरी तो तिच्या कामाचा नाही. झाडं लावण्याच्या कार्यक्रमांत झाडांची संख्या मोजली जाते. कुठली झाडं, कोणत्या महिन्यात फळणारी, एकमेकांना फांद्या टेकतील इतकी जवळ की नाही, हे विचारायची पद्धत नाही.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. हे खारींचं सचित्र ओळखपुस्तक नाही. जाती ओळखायच्या तर त्यासाठी चांगली पुस्तकं उपलब्ध आहेत. एका प्रश्नाचा पाठलाग करत, म्हणजे दाणा हातात आल्यावर खार काय ठरवते आणि का ठरवते, मी रानोमाळ आणि ग्रंथोग्रंथी हिंडलो आहे. शेकरूची आणि अंगणातल्या खारीची प्रकरणं माझ्या नोंदवह्यांवर उभी आहेत. युकॉन, सैबेरिया, हाइनान यांची इतरांच्या कामावर, आणि तिथे मी कोणाचं काय घेतलं ते त्या त्या जागी सांगितलं आहे. झाडांची नावं शक्य तिथे पुणे-अहिल्यानगर पट्ट्यात बोलली जातात तशी दिली आहेत. कोकणातल्या वाचकाला एखादं नाव परकं वाटेल, त्याने ते खुशाल खोडून आपलं लिहावं. गणिताचं एक प्रकरण आहे, त्याला घाबरून पुस्तक मिटू नये. ते ओलांडून गेलं तरी पुढचं समजतं, पण चोरीचं अर्थशास्त्र ज्यांना मनापासून समजून घ्यायचं आहे त्यांनी पेन्सिल घेऊन बसावं.

शेकरूचं घरटं चढून तपासू नका. वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे आणि पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या फांद्या माणसाचा भार पेलत नाहीत. खाली पडलेली टरफलं, कुरतडलेल्या बाठा, अर्धवट खाल्लेला हिरडा यांवरून पुष्कळ कळतं. महिना, झाड आणि दाताचे ठसे कोणत्या बाजूने आहेत, एवढं लिहून ठेवलंत तरी भीमाशंकरच्या खारींबद्दल छापलेल्या मजकुरात भर पडेल. असा मजकूर फार नाही. शेवटच्या प्रकरणात नोंदीसाठी रिकामे तक्ते त्यासाठीच जोडले आहेत.